सोलापूरहून श्रीलंका: आधी पाऊस बघा, मग तिकीट काढा

गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीतल्या आठ-दहा घरांनी मला श्रीलंकेबद्दल विचारलं असेल, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, खर्च किती येतो. मी म्हणते खर्चाचं नंतर बघू, आधी सांगा जाणार कुठल्या महिन्यात. कारण आम्ही पहिल्यांदा गेलो ते जुलैमध्ये, पॅकेजवाल्यानं स्वस्त तिकीट दाखवलं म्हणून, आणि दक्षिणेकडच्या बीचवर तीन दिवस हॉटेलच्या गॅलरीतून लाल झेंडा बघत बसलो. समुद्र नुसता खवळलेला, घोटाभर पाण्यातसुद्धा जाऊ देत नव्हते, पोरं रडकुंडीला आलेली. आणि त्याच दिवसांत त्याच देशाच्या दुसऱ्या बाजूला समुद्र एकदम शांत होता, लोक मजेत पोहत होते, हे आम्हाला घरी परत आल्यावर कळलं. पैसे घेणाऱ्या माणसानं एवढं तरी सांगायला हवं होतं. दुसऱ्या वेळी सगळं स्वतः बसून ठरवलं आणि ती ट्रिप पोरं अजून आठवणीनं सांगतात, म्हणून जे कळलं ते सगळं इथं लिहितेय.

तर पावसाचं आधी. श्रीलंका लहान देश आहे, महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडा मोठा, पण त्याला पाऊस दोन बाजूंनी येतो. मे ते सप्टेंबर आपलाच नैऋत्य मान्सून तिकडंही असतो, तो पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्याला झोडपतो, मग मधल्या डोंगरांना अडतो आणि पलीकडचा पूर्व किनारा कोरडा राहतो. आपल्याला हे समजवून सांगायची गरज नाही, सह्याद्रीच्या मागं पर्जन्यछायेत आपण जन्म काढलाय, महाबळेश्वरला धो धो आणि आपल्याकडं ढग नुसते वरून जाणार. त्या महिन्यांत त्यांचा पूर्व किनारा म्हणजे आपल्यासारखाच, फक्त समोर समुद्र. डिसेंबर ते फेब्रुवारी याच्या उलट, ईशान्येकडून पाऊस येतो, पूर्वेला समुद्र खवळतो आणि दक्षिण-पश्चिम छान मोकळी होते.

म्हणजे डिसेंबर ते एप्रिलची सुरुवात असेल तर दक्षिण: मिरिसा, वेलिगामा, उनावटुना, हिक्कडुवा. पोरांच्या उन्हाळी सुट्टीत म्हणजे एप्रिल अखेर-मेमध्ये जाणार असाल तर पूर्व: त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा, अरुगम बे. राहिली दिवाळी, आणि सगळ्यांना जायचं असतं नेमकं दिवाळीतच, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दोन मान्सूनच्या मधला काळ, दुपारी गडगडाट करून कुठंही पाऊस येतो, वादळंही याच दिवसांत होतात. २०२५ च्या नोव्हेंबर अखेरीला दित्वा चक्रीवादळानं तिथं फार मोठी हानी केली, दरडी कोसळून शेकडो माणसं गेली. त्यामुळं दिवाळीचा हट्ट सोडा असं मी स्पष्ट सांगते. आमच्या घरात गड्ड्याची म्हणजे सिद्धेश्वरांची जानेवारीतली यात्रा चुकवून कुणी गावाबाहेर जात नाही, अक्षता सोहळा चुकवायचा नाही हा नियम, म्हणून आम्ही जानेवारी अखेर धरली, सिद्धेश्वरांची यात्रा झाली की दहा दिवसांत निघालो, आणि दक्षिण किनाऱ्याला तो अगदी योग्य काळ निघाला.

आता जायचं कसं. सोलापूरहून तीन-चार वाटा आहेत. मुंबईहून कोलंबोला थेट विमान मिळतं, सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री बसा, सकाळी मुंबई. पण लोक एक गोष्ट विसरतात की चेन्नईहून कोलंबो जेमतेम सव्वा-दीड तासाचं उड्डाण आहे आणि मुंबई-चेन्नई मार्गावरच्या गाड्या सोलापूरवरूनच जातात, तर भाडं दोन्हीकडचं बघा. हैदराबादही रस्त्यानं तीनेकशे किलोमीटरवर आहे, तिथूनही विमानं असतात. फक्त एक करा, रेल्वे आणि विमान यांच्यात कमीत कमी सात-आठ तास ठेवा, गाडी कुर्डुवाडीला उभी राहिली नाहीतर दौंडला तासभर अडकली की छातीत धडधड होते, ते नको.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने चालू असला पाहिजे. सोलापुरातच पोस्टात पासपोर्टचं काम होतं, त्यामुळं पुण्याला पळायची गरज नाही, पण पोरांचे पासपोर्ट पाच वर्षांचेच असतात हे लक्षात ठेवा, आमच्या धाकट्याचा संपत आला होता ते ऐनवेळी दिसलं. निघण्याआधी ऑनलाइन ईटीए म्हणजे देशात यायची परवानगी, तो काढायचा असतो, तो श्रीलंकेच्या सरकारी साइटवरूनच काढा, गुगलवर वरवर सरकारी दिसणाऱ्या पण जादा पैसे घेणाऱ्या साइट आधी येतात. फीचे नियम सारखे बदलतात म्हणून तिकीट काढायच्या त्याच आठवड्यात परत एकदा बघा. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना त्यात सर्फिंग, राफ्टिंग, स्नॉर्कलिंग (नळीनं श्वास घेत पाण्यात बघणं) धरलंय का ते वाचा, साध्या पॉलिसीत बरेचदा हे वगळलेलं असतं.

किती दिवस? मी म्हणेन नऊ रात्री, आणि मुक्काम चारच. पहिल्या वेळी बीचचे ते तीन दिवस सोडून उरलेल्या पाच दिवसांत आम्ही सात ठिकाणं केली, म्हणजे खरं तर गाडीत बसलो. नकाशावर अंतर शंभर किलोमीटर दिसतं पण दक्षिणेकडचा एक्सप्रेस-वे सोडला तर रस्ते अरुंद, वळणाचे, गावातून जाणारे, शंभराला तीन तास धरून चाला. थंडीतल्या ट्रिपसाठी आमचा मार्ग असा होता: विमानतळावरून सिगिरियाच्या खडकाशी दोन रात्री, मग कँडीमार्गे डोंगरातल्या एल्लाला तीन रात्री, मग हत्तींसाठी उडावलावेला एक, आणि समुद्रासाठी मिरिसा-वेलिगामाला तीन. मेमध्ये जाणाऱ्यांनी सिगिरिया करून सरळ पूर्वेला त्रिंकोमाली धरायचं, ते अंतर दोन-अडीच तासांचं आहे, आणि तिकडंच चार-पाच रात्री राहायचं.

एक गोष्ट मात्र आपल्या लोकांना आवर्जून सांगायचीय, उकाड्याची. आपण म्हणतो आम्ही बेचाळीस डिग्रीत लग्नाला जाणारी माणसं, तिकडचं एकतीस-बत्तीस म्हणजे काय विशेष. तसं नसतं हो. आपलं ऊन कोरडं, घाम आला की वाळतो आणि अंग गार होतं. तिकडं हवाच ओली, घाम वाळतच नाही, अंगाला चिकटून राहतो, शरीर गार होत नाही आणि तहान लागल्यासारखंही वाटत नाही. माझ्या सासूबाईंना दुसऱ्याच दिवशी सिगिरियाच्या पायऱ्यांवर चक्कर आली, बीपी-शुगर काही नाही, नुसतं पाणी कमी पडलं होतं. तेव्हापासून प्रत्येकाच्या बॅगेत ओआरएसची पाकिटं आणि दर अर्ध्या तासाला चार घोट, तहान असो-नसो. रस्त्याच्या कडेला पिवळसर केशरी शहाळी टांगलेली दिसतात, त्याला थंबिली म्हणतात, ती दिवसातून दोन प्यायची. आणि चढायचं-चालायचं जे काही ते सकाळी नऊच्या आत, नाहीतर दुपारी चारनंतर.

याच ओल्या हवेमुळं अजून एक सांगते. आपण सोलापूरकर टॉवेल आपलेच नेणार, साहजिक आहे, पण आपला जाड टर्किश टॉवेल तिथं दोन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो. पातळ पंचे न्या, माणशी दोन. कपडे पण जीन्स नको, पटकन वाळणारे पातळ पँट आणि फुल बाह्यांचे टी-शर्ट.

आता समुद्र. आपल्याकडची पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, काही स्विमिंग टँकमध्ये, आणि आपल्याला वाटतं पोहता येतं म्हणजे झालं. विहिरीतलं पाणी जागेवर असतं, समुद्राचं पाणी माणसाला घेऊन जातं, हा फरक डोक्यात पक्का बसवा. बीचवर गेल्यावर पहिली दहा मिनिटं कपडे सुद्धा काढू नका, नुसतं उभं राहून बघा. सगळीकडं लाटा फुटून पांढरा फेस होतोय आणि मध्येच एक पट्टा शांत दिसतोय, तिथं लाट फुटत नाही, पाणी थोडं गडद नाहीतर गढूळ, आणि फेस किनाऱ्याकडं यायच्या ऐवजी आत जाताना दिसतोय, तर तो रिप करंट. लाटांनी आणलेलं पाणी तिथून परत आत जात असतं. आपल्याला वाटतं इथं शांत आहे, पोरांना इथंच उतरवू, आणि नेमकं तेच करायचं नसतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडं पोहत येण्याचा प्रयत्न करू नका, पट्टीचा पोहणारा पण त्यात दमून बुडतो. पाठीवर तरंगा, हात वर करून मदत मागा, आणि किनाऱ्याला समांतर आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा, तो पट्टा सहसा फार रुंद नसतो, बाहेर पडलात की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडं आणतात. हे मी पोरांकडून घरी पाठ करून घेतलं होतं, रोज जेवताना विचारायचे. लाल झेंडा असेल तर वाद नाही, पाण्यात जायचं नाही. लाइफगार्ड नसलेल्या रिकाम्या सुंदर बीचवर फोटो काढा आणि परत या.

सर्फिंग शिकायचं असेल तर वेलिगामा. तिथं उपसागर आत वळलेला आहे, तळाला वाळू आहे, खडक नाहीत, लाटा लहान आणि लांब, म्हणून नवख्यांसाठी चांगलं. मोठा फोमचा बोर्ड देतात, तासाभराचा क्लास असतो. पहिली वीस मिनिटं वाळूवरच, बोर्डवर पालथं झोपायचं, छाती बोर्डच्या मध्यावर, पायाची बोटं मागच्या टोकाला, हातानं वल्हं मारल्यासारखं करायचं, मग दोन्ही तळहात बरगड्यांजवळ टेकवून एका झटक्यात उठायचं, एक पाय पुढं, एक मागं, गुडघे वाकलेले आणि नजर पायाकडं नाही, समोर किनाऱ्याकडं. सगळी चूक नजरेची होते. माझी बारा वर्षांची मुलगी आठ-दहा वेळा पडली, नाकात पाणी, डोळे लाल, शिकवणारा पोरगा प्रत्येक वेळी एवढंच म्हणायचा, अप, लुक अप. अकराव्या लाटेला ती उभी राहिली, तीन-चार सेकंद असेल, पण उभी राहिली, आणि किनाऱ्यावर आम्ही सगळे ओरडायला लागलो. पडताना सरळ पायावर उडी मारू नका, सपाट पडा, आणि वर येताना एक हात डोक्यावर धरा कारण पायाला दोरीनं बांधलेला बोर्ड आपल्याच डोक्यावर येतो. अरुगम बे सर्फिंगसाठी जगभर प्रसिद्ध आहे पण तिथला मुख्य पॉइंट शिकणाऱ्यांसाठी नाही, तिथं गेलात तर नवख्यांच्या जागा कुठल्या ते विचारूनच जा.

मिरिसाहून निळा देवमासा बघायला बोटी जातात, डिसेंबर ते एप्रिल. जगातला सगळ्यात मोठा प्राणी, तीस मीटरपर्यंत वाढतो, आणि तो श्रीलंकेच्या दक्षिणेला किनाऱ्यापासून फार लांब नसतो कारण तिथं समुद्र लगेच खोल होतो. बोट पहाटे सहा-साडेसहाला सुटते, तीन ते पाच तास लागतात, आणि बोट लागते हो, भल्याभल्यांना लागते. उलटीची गोळी निघायच्या आधी अर्धा-एक तास घ्यायची, बोटीत चढल्यावर नाही, डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. रिकाम्या पोटी जाऊ नका, तेलकट खाऊनही जाऊ नका, दोन बिस्किटं आणि आल्याचा तुकडा. मागच्या बाजूला, मधोमध बसा आणि क्षितिजाकडं बघत राहा, मोबाइलकडं नाही. आम्हाला आधी दिसला तो फवारा, लांब पाण्यातून धूर निघावा तसा, मग पाठ, ती पाठ येतच राहिली, संपेचना, आणि शेवटी शेपूट वर येऊन हळूच आत गेली. फवाऱ्याचा आवाज मात्र जरा उशिरा आमच्यापर्यंत पोचला. बोट ठरवताना विचारा की देवमाशापासून किती लांब थांबता, जो म्हणेल अगदी जवळ नेतो त्याची बोट घेऊ नका, त्या जनावराचा पाठलाग करणं चांगलं नाही.

मेमध्ये पूर्वेला गेलात तर निलावेलीहून पिजन आयलंड, छोटंसं बेट, राष्ट्रीय उद्यान आहे, प्रवाळ आणि परांची टोकं काळी असलेले लहान शार्क दिसतात, ते सहसा माणसाला काही करत नाहीत. स्नॉर्कलचा सराव घरीच करा, मास्क आणि नळी लावून बादलीत तोंड घालून नळीतून फक्त तोंडानं श्वास घ्यायचा, दहा मिनिटं जमलं की समुद्रात घाबरायला होत नाही. प्रवाळावर उभं राहायचं नाही, ते दगड नाहीत, जिवंत आहेत, पाय ठेवला की मरतात आणि पाय कापतो ते वेगळंच. सनस्क्रीन थापण्यापेक्षा फुल बाह्यांचा स्विमिंगचा टी-शर्ट घाला, पाठ भाजत नाही. त्रिंकोमालीला गेलात की स्वामी रॉकवरचं कोनेश्वरम मंदिर चुकवू नका, समुद्रावर सरळ तुटलेल्या कड्यावर शंकराचं देऊळ, संध्याकाळच्या आरतीला उभं राहिलं की आपल्या तळ्यातल्या सिद्धेश्वराची आठवण येईल.

डोंगराचं थोडक्यात. सिगिरिया हा जवळपास दोनशे मीटर उंच एकटा खडक, पाचव्या शतकात कश्यप राजानं वर राजवाडा बांधला, १९८२ पासून जागतिक वारसा. बाराशेच्या आसपास पायऱ्या. सकाळी उघडतं तेव्हाच लाइनीत पाहिजे, आणि पासपोर्ट जवळ ठेवा, सार्क म्हणजे आपल्यासारख्या शेजारी देशांच्या लोकांना तिकीट कमी लागतं. वर गांधीलमाश्यांची मोठी पोळी आहेत, मोठ्यानं ओरडायचं नाही, पाट्या लावलेल्या आहेत त्या खऱ्या आहेत. ज्यांना तिकीट जास्त वाटतं त्यांनी समोरचा पिदुरंगला नावाचा खडक चढावा, तिकीट फार कमी आणि वरून सिगिरियाच समोर दिसतो, फक्त शेवटी मोठे दगड हातापायानं चढावे लागतात, गुडघेदुखीवाल्यांनी जाऊ नये.

कँडी ते एल्ला ही रेल्वे सहा-सात तासांची, चहाच्या मळ्यांतून, ढगांतून. पण दित्वा वादळात या डोंगरातल्या लोहमार्गाचं फार नुकसान झालं, म्हणून तुम्ही जाल तेव्हा गाडी कुठून कुठपर्यंत चालू आहे हे आधी बघा आणि त्यावर मुक्काम ठरवा. रिझर्व्हेशन साधारण महिनाभर आधी उघडतं आणि भराभर संपतं. एसी डबा घेऊ नका, खिडक्या बंद असतात. आणि दारातून बाहेर लटकून रील काढणारी मंडळी दिसतील, तुम्ही पोरांना दारापाशी सुद्धा सोडू नका, बोगदे आणि झाडं अगदी चिकटून जातात. एल्लाला नाइन आर्च ब्रिज आहे, १९२१ चा, विटा-दगड-सिमेंटचा, लोखंड न वापरता बांधलेला. लिटल ॲडम्स पीक तासाभरात होतो, आजी-आजोबा पण जाऊ शकतात. ज्यांना खरी चढाई पाहिजे त्यांनी श्रीपाद पर्वत, २,२४३ मीटर, डिसेंबर ते मे यात्रेचा काळ, रात्री दोनला निघून पाच हजारांहून जास्त पायऱ्या चढत पहाटे वर. निघायच्या आधी दीड-दोन महिने रोज जिना चढायचा सराव ठेवा, आम्ही रविवारी नळदुर्गला जायचो. हॉर्टन प्लेन्सच्या पठारावर पहाटे कडाक्याची थंडी असते, स्वेटर न्या, आणि वर्ल्ड्स एंडच्या कड्यावर नऊच्या आत पोचा, नंतर धुकं येतं आणि पुढं नुसतं पांढरं.

राफ्टिंग कितुलगलाला, केळणी नदीवर, मध्यम दर्जाचा प्रवाह, नवख्यांना चालतो. लाइफ जॅकेट ओढून बघा, खांद्यातून वर सरकत असेल तर बदलून घ्या, लाजू नका. हेल्मेट नसेल तर बसू नका.

सिंहराजाचं जंगल हे खरं पावसाचं जंगल, १९८८ पासून जागतिक वारसा, आणि तिथं जळवा असतात. आपल्याकडं माळरान, त्यामुळं आपल्या बायका-पोरं जळू बघूनच किंचाळतात. घाबरण्यासारखं काही नाही. ती पानावर दोऱ्यासारखी बारीक उभी असते, डोलत असते, तुमचा पाय आला की चिकटते आणि अर्ध्या तासात करंगळीएवढी फुगते. गुडघ्यापर्यंत येणारे घट्ट विणीचे जळवांचे मोजे तिथंच मिळतात, पँट त्यात खोचायची. मिठाची एक पुरचुंडी करून काठीला बांधा, ओली करून मोज्यावर फिरवत राहा. चिकटलीच तर ओढायची नाही, जाळायची नाही, नख तिच्या बारीक तोंडाशी सरकवत बाजूला करायची. रक्त थोडा वेळ थांबत नाही कारण ती रक्त न गोठण्याचा रस सोडते, दाबून धरा, पट्टी लावा, झालं. मलेरिया श्रीलंकेत राहिलेला नाही, २०१६ ला तसं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं, पण डेंगू आहे, आणि त्याचा डास दिवसा चावतो, तेव्हा ओडोमॉस सकाळपासून लावायचं.

सफारीसाठी ‘याला’ नावाच्या जंगलाचं नाव मोठं, बिबट्यांसाठी, पण जीपची गर्दी पण तेवढीच. ‘याला’चा मुख्य भाग बरेचदा सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात. पोरं बरोबर असतील तर मी उडावलावे सांगेन, मोकळं गवताळ रान, हत्ती हमखास. तिथंच अनाथ पिल्लांचं केंद्र आहे, १९९५ पासून चालतं, दूध पाजायच्या वेळी लांबून बघता येतं, हात लावू देत नाहीत आणि ते योग्यच आहे कारण ती पिल्लं परत जंगलात सोडायची असतात. हत्तीवर बसवतो म्हणणाऱ्याकडं जाऊ नका. ज्यांनी नान्नजला माळढोकसाठी तासन् तास गप्प बसून वाट बघितलीय त्यांना सफारी शिकवायला नको, पण बाकीच्यांना सांगते, जीपवाल्याला आधीच म्हणा की आम्हाला पळापळ नको, एका पाणवठ्यावर थांबव. आम्ही पाऊण तास एका तळ्याशी थांबलो, आणि हत्तीणीनं पिल्लाला पोटाखाली घेऊन चिखल उडवलेला सगळ्यांनी शांतपणे बघितला.

जेवणाचं, शाकाहारी लोकांसाठी खास. भात आणि चार-पाच भाज्या असं ताट सगळीकडं मिळतं, परिप्पू म्हणजे डाळ, नारळाच्या दुधातली, फणसाची भाजी, गोट्टुकोळा नावाच्या पाल्याची कोशिंबीर, पोटभर होतं. पण पोल सांबोल म्हणजे ओल्या खोबऱ्याची तिखट चटणी दिसते, आपल्याला वाटतं चटणीत काय असणार, आणि त्यात बरेचदा उंबलकड असतं, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा. भाजीतही घालतात. नुसतं व्हेज म्हटलं तर त्यांच्या लेखी तेवढा चुरा चालतो, म्हणून नाव घेऊन सांगा, उंबलकड एपा, म्हणजे उंबलकड नको. हे दोन शब्द आमच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी पाठ केले. संध्याकाळी कोत्तूच्या गाड्या लागतात, तव्यावर रोटी दोन पत्र्यांनी खटाखट कापतात, आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या गल्लीतून चालल्यासारखा आवाज येतो, भाजी घालून वेगळा करून मागा, पत्रे पुसून घ्यायला सांगा. घरून कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्याच, रेल्वेत आणि पहाटेच्या सफारीत तिचाच आधार, आठ दिवस काही होत नाही. चटणी मात्र हवाबंद डब्यात, ओल्या हवेत खवट होते. आणि बोलताना अक्का म्हणायला लाजू नका, सिंहली आणि तमिळ दोन्हीत मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात, आपल्याकडं घरोघरी म्हणतात तसंच, एकदा अक्का म्हटलं की हॉटेलवाली बाई भात वाढायचं थांबत नाही.

पैशाचं, आपल्या एका रुपयाला त्यांचे साडेतीनच्या आसपास मिळतात. फेब्रुवारी २०२४ पासून तिथं यूपीआय चालू झालंय पण सगळ्या दुकानांत नाही, रोकड ठेवा. रिक्षासाठी पिकमी हे ॲप डाऊनलोड करा, आधी भाडं दिसतं. खरा खर्च हॉटेल-जेवणाचा नाही, जीप, बोट आणि प्रवेश तिकिटांचा आहे, ते आधी मांडा आणि यातलं दोन-तीनच निवडा. पौर्णिमेला पोया म्हणतात, सुट्टी असते, दारू बंद असते, तिकिटाला आणि बसला गर्दी. देवळात खांदे-गुडघे झाकलेले, पांढरे कपडे असले तर उत्तम, आणि बुद्धाच्या मूर्तीकडं पाठ करून सेल्फी अजिबात नाही, त्यांना ते फार लागतं. ॲम्ब्युलन्सचा नंबर १९९०, फुकट असते, पोलिस ११९, दोन्ही सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

वरच्या नऊ रात्रींवर विमानासाठी आणखी एक रात्र काढायची झाली तर ती कोलंबोत काढू नका, विमानतळ शहरापासून तीसेक किलोमीटर आहे आणि ट्रॅफिक बेभरवशाची. नेगोंबो विमानतळाच्या जवळ आहे, तिथं राहा, दुपारी ओले कपडे, बूट, मोजे सगळं उन्हात पसरून खडखडीत वाळवा, वाळू झटका, मग बॅग भरा. दालचिनी तिथूनच घ्या, पातळ सालींची गुंडाळी, बोटानं चुरा होतो ती खरी. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे पोरांच्या खिशात असतात ते तपासून समुद्रावरच ठेवून या, ते बाहेर न्यायला बंदी आहे.